राहिलेला लेख आणि न उचललेला फोन

जूनमध्ये दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन येतो. "यंदा तुमचा लेख हवाच," असं ते म्हणतात आणि आपण "हो, नक्की" म्हणून मोकळे होतो. तारीख ठरते ३१ ऑगस्ट. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोच नंबर पुन्हा स्क्रीनवर दिसतो आणि आपण फोन वाजू देतो. त्या क्षणापासून एका देण्याची दोन देणी होतात. एक लेखाचं, दुसरं उत्तराचं.

मला इथे मुख्यतः या दुसऱ्या देण्याबद्दल लिहायचं आहे, कारण पहिलं देणं त्याच्यापायीच अडून बसतं. चालढकलीवरचे बहुतेक सल्ले काम सुरू कसं करावं इथून सुरू होतात. शब्द दिलेला असेल, तारीख उलटून गेली असेल आणि समोरचा माणूस वाट बघत असेल, तर ही सुरुवात चुकीच्या टोकाची आहे. आधी गप्प बसणं संपवायचं, मग कामाला हात घालायचा. हा क्रम उलटा केला की "लेख पूर्ण करूनच तोंड दाखवू" असं ठरतं, आणि भिजत घोंगडं पडतं ते अशाच ठरवण्यामुळे.

उदाहरण दिवाळी अंकाचं घेतलं, कारण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही साखळी माहीत आहे. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दरवर्षी ही मागणी, होकार आणि तगादा चालूच आहे. पण अंकाच्या जागी सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त घाला, विद्यार्थ्याला कबूल केलेलं शिफारसपत्र घाला, मावशीला भरून देतो म्हटलेला पेन्शनचा अर्ज घाला. रचना तीच राहते.

उशीर नेमका कुणाला नडतो, हे आधी समजून घ्यायला हवं. मनातली बोच नेहमी धूसर असते आणि धूसर असते म्हणूनच मोठी वाटते. प्रत्यक्षातलं नुकसान मात्र मोजता येतं. अंक छापखान्यात ८ किंवा १६ पानांच्या फॉर्मने, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाने, छापला जातो. अडीच हजार शब्दांचा लेख साधारण पाच पानं घेतो. तो आला नाही तर त्या फॉर्ममध्ये पाच पानांचं भोक राहतं. संपादक ते दुसऱ्या मजकुराने भरतात, किंवा पुढचे लेख सरकवून अनुक्रमणिका बदलतात. चित्रकाराला लेख वाचल्याशिवाय चित्र काढता येत नाही, म्हणून तो थांबतो. मुद्रितशोधकाकडे चार दिवसांचं काम एका रात्रीत येतं. अंक बाजारात वेळेवर गेला नाही तर विक्रीचे मोजके दिवस हातातून जातात आणि जाहिरातदारही नाराज होतात.

यातलं बहुतेक नुकसान लेख न आल्याने होत नाही. लेख येणार की नाही हे न कळल्याने होतं. १ सप्टेंबरला "जमणार नाही" असं कळलं तर संपादकांच्या हातात पर्याय असतात. २० सप्टेंबरपर्यंत काहीच कळलं नाही तर उरलेले सगळे पर्याय महाग झालेले असतात. म्हणजे आपण ज्या गोष्टीची लाज धरून लपतो तिच्यापेक्षा लपण्याचाच त्रास त्यांना जास्त होतो.

दिवाळीची तारीखही फसवते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे १८ दिवस पुढे. अशा वर्षी "अजून बराच वेळ आहे" असं वाटणं साहजिक असतं. पण छापखान्यातली रांग, बांधणी आणि गावोगावी अंक पोचवण्याचे दिवस यात धरलेले नसतात. संपादकांनी दिलेली तारीख हीच खरी तारीख. कॅलेंडरात बघून स्वतःच्या मनाने तिच्यात सवलत काढायची नाही.

आता काम का टळतं, ते पाहू. आळस हा शब्द इथे फारसा कामाचा नाही. ज्या आठवड्यात लेख टळतो त्याच आठवड्यात घरातले सगळे कपाटाचे खण आवरून होतात, दिवाणखान्यातले पंखे पुसून होतात, जुन्या बिलांच्या फायली लागतात. माणूस कामाला मागे हटलेला नसतो, एका विशिष्ट कामाने जी अस्वस्थता येते तिच्यापासून तो दूर पळत असतो. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच मांडलं: चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन बिघडण्यापेक्षा, आत्ताची मनःस्थिती सावरण्यासाठी पुढच्या दिवसांवर टाकलेला बोजा. फाइल बंद केली की लगेच बरं वाटतं. ते बरं वाटणं हीच बक्षिशी, म्हणून दुसऱ्या दिवशी फाइल पुन्हा बंद होते.

त्यात उशिराचं व्याज मिसळतं. तारखेला दिला असता तर साधा, नीट लेख चालला असता. तीन आठवडे उशीर झाल्यावर वाटतं की आता द्यायचा तर असा द्यावा की उशीर माफ व्हावा. मग आणखी दोन पुस्तकं वाचायला काढली जातात, एक मुलाखत घ्यावीशी वाटते, शीर्षक बदलतं. दर आठवड्याला लेख मनातल्या मनात मोठा होत जातो आणि प्रत्यक्षात शून्य शब्दांवर राहतो. माझ्या मते अडकलेल्या कामांमधली सर्वांत जास्त कामं इथेच मरतात. संपादकांना उशिराची भरपाई नको असते. त्यांना ठरलेला लेख हवा असतो, किंवा त्याहून थोडा लहान.

अपराधीपणा आणि शरम यांत फरक करणंही उपयोगाचं आहे. "मी लेख दिला नाही" हा अपराधीपणा, तो कृतीबद्दल असतो. "मी आहेच आरंभशूर" ही शरम, ती स्वतःबद्दल असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी या फरकावर बरीच वर्षं काम केलं आहे. अपराधीपणा माणसाला चूक दुरुस्त करायला ढकलतो, शरम त्याला लपायला लावते. रुखरुख वाटू लागली की मनातलं वाक्य शब्दशः कागदावर उतरवून बघा. त्यात कर्ता, क्रियापद आणि तारीख असेल तर त्याचं काहीतरी करता येतं. त्यात नुसता स्वभावाचा शिक्का असेल तर ते वाक्य खोडून तारखेसह पुन्हा लिहा. "मी कुणाच्याच कामाचा नाही" याचं "३१ ऑगस्टचा लेख १० सप्टेंबरपर्यंत दिला नाही आणि तीन फोन घेतले नाहीत" असं झालं की पुढची पायरी आपोआप दिसते.

ती पायरी म्हणजे यादी. अडकलेला लेख सहसा एकटा नसतो. एक कागद आडवा धरा आणि चार रकाने आखा: कुणाला, नेमका काय शब्द दिला, कधीपर्यंत, शेवटचं बोलणं कधी झालं. यासाठी ४० मिनिटं पुरतात. आठवणीवर विसंबू नका, कारण जे सर्वांत जास्त बोचतं तेच मन झाकून ठेवतं. व्हॉट्सॲपच्या शोधात "पाठवतो", "पाठवते", "बघतो", "नक्की", "उद्या", "या आठवड्यात" हे शब्द एकेक करून टाका. मेलमध्ये 'पाठवलेले' हा कप्पा दोन-तीन महिने मागे जाऊन चाळा. न घेतलेल्या फोनची यादी बघा. टेबलावर दुसऱ्याची पुस्तकं, फोटो, कागदपत्रं पडली असतील तर तीही लिहा.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे यादी करता करता माणूस एखाद्याला उत्तर द्यायला लागतो, त्यात अर्धा तास जातो आणि यादी अर्धवट राहते. ४० मिनिटं कुणालाही काही पाठवायचं नाही. दुसरी म्हणजे यादीसाठी नवं ॲप उतरवणं. त्याचे रंग आणि खुणा ठरवण्यात संध्याकाळ जाते आणि ती कामासारखी वाटते. कागदच बरा. तो टेबलावर दिसत राहतो.

पहाटे चालायला जाणं, फ्रेंच शिकणं, वजन कमी करणं हे स्वतःला दिलेले शब्द या कागदावर घ्यायचे नाहीत. ते महत्त्वाचे असतील, पण त्यांची वाट बघणारा दुसरा माणूस नाही. दोन्ही एकाच यादीत आले की यादी ३० ओळींची होते आणि तिच्याकडे बघण्याचीही भीती वाटू लागते. दुसऱ्यांना दिलेल्या शब्दांची यादी सहसा वाटते त्याहून लहान निघते. कागदावर मोजून सात ओळी दिसल्या की छातीवरचा दगड बराच हलका होतो, एकही काम झालेलं नसताना.

याला आधारही आहे. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ ई. जे. मॅसिकॅम्पो आणि रॉय बाउमाइस्टर यांनी दाखवलं की अपुरं काम मनात सारखं डोकावत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली की काम न करताही ते डोकावणं कमी होतं. नेमकी या शब्दावर भर आहे. "लवकरात लवकर" ही योजना नाही.

मग प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक शब्द लिहायचा: देणार, कमी करून देणार, सोडणार. ठरवताना दोन प्रश्न पुरतात. समोरच्याला याचा आजही उपयोग आहे का? आणि हेच काम आज नव्याने विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का? दोन्ही उत्तरं "हो" असतील तर देणार. उपयोग आहे पण आज एवढं जमणार नाही, तर कमी करून. उपयोगच उरलेला नसेल तर सोडणार. "कमी करून देणार" हा पर्याय लोक वापरत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. अडीच हजार शब्दांऐवजी बाराशे, लेखाऐवजी टिपण, पूर्ण भाषांतराऐवजी पहिली दोन प्रकरणं. समोरचा बहुतेक वेळा हे आनंदाने घेतो, कारण त्याला भोक भरायचं असतं. सोडणं हाही शब्द पाळण्याचाच एक प्रकार आहे, पण तो तोंडाने सांगितला तरच. मनातल्या मनात सोडलेलं काम समोरच्याच्या यादीत अजून जिवंत असतं.

आता निरोप. सगळ्या प्रकरणात हीच जागा अवघड, म्हणून इथे जरा थांबू.

निरोपात चार गोष्टी लागतात आणि चारच. काय कबूल केलं होतं आणि झालं नाही, हे स्पष्ट शब्दांत. गप्प राहिल्याची वेगळी कबुली. आज काय तयार आहे आणि काय, कधी देऊ शकतो. आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक. उदाहरणार्थ:

"नमस्कार सर. ३१ ऑगस्टला लेख देतो म्हटलं होतं, दिला नाही. तुमच्या फोनला उत्तरही दिलं नाही, ती चूक माझीच. टिपणं तयार आहेत. बाराशे शब्दांचा लेख १८ सप्टेंबरला रात्री ९ पर्यंत देऊ शकतो. तेवढ्यासाठी जागा ठेवणं शक्य नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी समजू शकतो."

एवढंच. यात कारणं नाहीत हे पाहा. कारण खरं असलं तरी एका ओळीपलीकडे नेऊ नका: "घरात आजारपण होतं" इथे थांबा. कारणांचा परिच्छेद झाला की समोरच्याला आपली समजूत काढावी लागते. ज्याचं काम अडलं त्यालाच धीर द्यायला लावणं बरं नाही. "लवकरच", "एक-दोन दिवसांत", "शक्यतो" हे शब्द काढा. स्वतःला शिव्या घालणारी वाक्यंही काढा. "माझ्यासारख्या बेभरवशी माणसाकडून" असं लिहिलं की उत्तरात "अहो, असं काय म्हणता" येतं आणि तारखेचा विषय बाजूला पडतो.

फोन की मेसेज? वयाने मोठ्या माणसाला, आगाऊ मानधन घेतलं असेल तर, किंवा उशीर महिन्याच्या पुढे गेला असेल तर फोन करावा. बाकी वेळी मेसेज चालतो. फोन करायचा असेल तर वरचीच वाक्यं कागदावर लिहून समोर ठेवा. आवाज अडखळला तर वाचून दाखवा. फोन लागला नाही तर त्याच मिनिटाला तीच वाक्यं मेसेजने पाठवा, "मिस्ड कॉल दिलाय, ते करतील" असं धरून बसू नका. काम सोडत असाल तर घेतलेले पैसे त्याच दिवशी परत पाठवा आणि पुस्तकं, फोटो कुरिअरने कधी पोचतील ते त्याच निरोपात सांगा. दुसऱ्या लेखकाचं नाव सुचवायचं असेल तर त्याला आधी विचारा. नाहीतर एक शब्द मोडताना दुसऱ्याला अडकवल्यासारखं होतं.

पाठवण्याआधी किती वेळ विचार करायचा? दहा मिनिटं. पाच लिहायला, पाच काटछाट करायला. तासभर घोळवलेला निरोप हमखास कारणांच्या परिच्छेदाकडे जातो. यादीत सात जण असतील तर सगळ्यांत जास्त भीती वाटते त्याला पहिला पाठवा, आणि तो गेला की त्याच बैठकीत उरलेले सहा. पहिल्याच्या उत्तराची वाट बघत बसलात तर उरलेले सहा उद्यावर जातात.

उत्तर पाच प्रकारचं येतं. "बरं, १८ला पाठवा" हे सर्वांत जास्त वेळा. "जागा भरली" असं आलं तर "कळवल्याबद्दल आभार" म्हणून ओळ खोडा, पुढच्या वर्षीचं वचन तिथल्या तिथे देऊ नका. रागाचं उत्तर आलं तर त्याला हक्क आहे. "तुमचं बरोबर आहे" एवढं म्हणा, बचाव करू नका, आणि तारीख तीच ठेवा. उत्तरच आलं नाही तर दोन दिवसांनी एकदा फोन करा. तोही घेतला नाही तर ठरलेल्या तारखेला लेख पाठवून द्या, वापरायचा की नाही ते त्यांच्यावर. "काही हरकत नाही हो" हे उत्तर मात्र जपून ऐकावं. मराठी माणूस भिडेपोटी ते म्हणतो, हरकत असली तरी. त्याने तारीख मोकळी होत नाही.

त्या निरोपातली तारीख काढायची कशी, हे राहिलं. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की किती दिवस लागतील. सरासरी अंदाज आला ३३.९ दिवस. सगळं बिघडलं तर किती, यावर ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. वाईटातला वाईट अंदाजही कमी पडला. पहिल्या अंदाजाला साधारण १.६५ ने गुणलं तर प्रत्यक्ष आकडा येतो. म्हणून हिशेब असा करा. टिपणं हाताशी असताना माहितीपर लेखाचा कच्चा मसुदा तासाला ३०० ते ४०० शब्दांनी पुढे जातो. बाराशे शब्दांना साडेतीन तास, पुन्हा लिहिणं आणि नावं-सनावळ्या तपासणं दीड तास, एकूण पाच. गुणिले १.६५ म्हणजे सव्वाआठ. रोज खरोखर एक तास मिळत असेल तर आठ-नऊ दिवस. १० सप्टेंबरला निरोप पाठवून त्याच दिवशी पहिली बैठक केली, तर १८ ही तारीख अशी निघते. अडीच हजार शब्दांचा हिशेब केलात तर सतरा-अठरा दिवस निघतील. छोटा लेख देणं शहाणपणाचं का, ते या गणितातच आहे.

"रविवारी दिवसभर बसतो" हा हिशेब नाही. रविवारी पाहुणे येतात, बाजार असतो, दुपारी झोप येते. शिवाय आठ तासांची एक बैठक डोळ्यांसमोर असली की सकाळी नऊला सुरू झालं नाही म्हणून अकराला सुरू करावंसंच वाटत नाही. रोज पाऊण ते एक तास, ठरलेल्या जागी, ठरलेल्या गोष्टीनंतर. ते वाक्यही लिहून ठेवा: "सकाळचा चहा झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फाइल उघडायची." पीटर गॉल्व्हिट्झर आणि व्हेरोनिका ब्रँडश्टेटर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या संध्याकाळबद्दल ४८ तासांत एक टिपण लिहून पाठवायचं होतं. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतलं, त्यांच्यापैकी ७१ टक्क्यांनी ते केलं. बाकीच्यांपैकी ३२ टक्क्यांनी. इच्छा दोन्हीकडे होती, सुट्टीतला मोकळा वेळही दोन्हीकडे सारखाच होता.

पहिल्या बैठकीत लेख लिहायचा नाही. फाइल उघडून तिला नाव द्यायचं, संपादकांनी काय मागितलं होतं ते त्यांच्याच शब्दांत वर उतरवायचं आणि वाचकाला पडतील असे पाच प्रश्न लिहायचे. २५ मिनिटांत हे होतं. दुसऱ्या दिवसापासून रोज एका प्रश्नाचं उत्तर, क्रम कोणताही. सुरुवातीचा परिच्छेद सगळ्यात शेवटी, कारण तोच सर्वांत जास्त वेळ खातो आणि लेख कशाबद्दल आहे हे कळल्याशिवाय तो जमत नाही. हात चालेनासा झाला तर फोनवर मराठीत बोलून टंकन करा. मित्राला समजावून सांगतोय असं दहा मिनिटं बोललं की पाच-सहाशे कच्चे शब्द पडतात. विरामचिन्हं हाताने घालावी लागतात आणि काही शब्द भलतेच उमटतात, पण कोऱ्या पानापेक्षा ते बरं. त्या दिवसाचं थांबवताना पुढच्या वाक्याचे दोन-तीन शब्द लिहून ठेवा. उद्या ते पूर्ण करायला बसणं सोपं जातं.

लेखात नवी भर घालायचा मोह झाला की ती फाइलच्या तळाशी "या वेळी नाही" असं शीर्षक देऊन टाका. उशिराचं व्याज इथेच अडवायचं.

दुसरी तारीखही चुकणार असं दिसलं तर? तारखेच्या ४८ तास आधी कळवायचं, नंतर नाही. आधी कळवलेला उशीर आणि नंतर कळलेला उशीर या समोरच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी तारीख मात्र मागू नये. त्या टप्प्यावर "आहे तेवढं पाठवतो, वापरता आलं तर बघा" किंवा "मी माघार घेतो" हे दोनच पर्याय ठेवावेत, कारण तिसऱ्या तारखेवर कुणी पानं अडवून ठेवू शकत नाही आणि आपल्यालाही त्या तारखेवर विश्वास नसतो.

एवढं करूनही बोच काही दिवस राहते. तिला उगाळत बसण्याने पुढचा शब्द पाळला जाईल असं वाटतं, पण पुरावा उलट दिशेचा आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातले मायकेल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. माफ करणं म्हणजे विसरणं नव्हे. काय केलं ते कबूल केलं, भरपाई केली, आता तेच वाक्य रोज रात्री नव्याने उच्चारणार नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मात्र कामं सगळीकडेच अडली असतील, अंघोळ-जेवणसुद्धा ओढून होत असेल, झोप उडाली असेल किंवा दिवसभर झोपच येत असेल, तर हा यादीने सुटणारा प्रश्न नाही. लहानपणापासून प्रत्येक काम शेवटच्या रात्रीवर जात आलं असेल तर तेही डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते जूनमधल्या त्या पहिल्या फोनला लागू आहे. होकार फोनवर द्यायचाच नाही. "विषय आवडला, उद्या सकाळी ११ पर्यंत कळवतो" म्हणायचं आणि खरंच कळवायचं. मधल्या वेळात तीन गोष्टी विचारून घ्यायच्या: किती शब्द, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तारीख हलू शकते का. मग तासांचा हिशेब, गुणिले १.६५. चार रकान्यांच्या कागदावर तीनपेक्षा जास्त ओळी उघड्या असतील तर नकार द्यायचा. तो असा देता येतो: "या वर्षी हातात चार कामं आहेत, तुमच्या लेखाला न्याय देता येणार नाही. आत्ताच सांगतोय म्हणजे तुम्हाला दुसरं कुणी बघता येईल." जूनमधला नकार संपादकाला क्वचितच लागतो. सप्टेंबरमधलं मौन त्याच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

आणि अंक निघूनच गेला असेल तर? तोरण उतरलं, फराळ संपला, लेख गेला नाही आणि निरोपही गेला नाही. पुष्कळांना वाटतं, आता बोलून काय उपयोग. पण त्या संपादकांचं नाव दिसलं की पोटात गोळा येत असेल, पुस्तक प्रदर्शनात ते दिसल्यावर आपण दुसऱ्या रांगेत वळत असू, तर ते देणं अजून बाकी आहे. तो अंक विकत घ्या आणि दोन-तीन लेख नीट वाचा. मग एक निरोप पाठवा, ज्यात मागणी नाही, तारीख नाही आणि नवं वचन नाही:

"नमस्कार मॅडम. या अंकासाठी लेख देतो म्हणून मी दिला नाही आणि तुम्हाला कळवलंही नाही. शेवटच्या आठवड्यात तुम्हाला पानांची जुळवाजुळव करावी लागली असेल, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. अंक वाचला. गिरणगावावरचा लेख आणि त्यातली जुनी छायाचित्रं फार आवडली. उत्तराची अपेक्षा नाही, हे सांगायचं राहिलं होतं म्हणून लिहिलं."